काळ्या डोहाचं पाचवं नख

“फोड ते नख! बादशहाचे शिपाई घाट चढून येतायत, बाओझेन!”

“नाही फोडत. चार नखांनी आभाळ चढता येत नाही, भावजी. पाऊस हवाय ना तुम्हाला?”

“पाऊस प्यायला मान तर राहू दे!”

काळ्या डोहाच्या काठी दगडी ड्रॅगन आहे, त्याच्या पंज्यापाशी हे भांडण जुंपलं होतं, असे सांगतात. तिथे चहा विकणारी म्हातारी येणाऱ्याला आधी तो पंजा दाखवते, मग बाकीचं बोलते. ड्रॅगनचे तीन पाय दगडी ढगांत दडलेले. बाहेर आलेला पंजा एकच. चीनमध्ये ड्रॅगन म्हणजे आग ओकणारं भूत नव्हे. तो पावसाचा धनी. डोहात झोपतो, आभाळात चढतो, ढग हाकून आणतो. पण पाच नखांचा ड्रॅगन फक्त बादशहाच्या झग्यावर शोभायचा. सरदारांना चार. शेजारगावच्या कुंभाराने रांजणावर पाच काढली, तर त्याचे दोन्ही हात कोपरापासून तोडले होते.

तीन वर्षं आभाळ कोरडं होतं. लोकांनी देवळातला जुना मातीचा ड्रॅगन ओढून उन्हात ठेवला, चाबकाने झोडला. तिकडे रीतच तशी. तहान काय असते ते त्यालाही कळू दे! त्याचा भुगा झाला, पाऊस आला नाही. बाओझेनची तान्ही लेक त्याच उन्हाळ्यात गेली. मग पाथरवटाची ती विधवा स्वतःच छिन्नी घेऊन बसली. बाईच्या हातचा ड्रॅगन म्हणून गावाने नाकं मुरडली; घोटभर पाणी मात्र कुणी पुढे केलं नाही.

शिपाई आले. सरदाराने नखं मोजली. “पाच नखं, पाच माना,” तो म्हणाला.

पहिली मान गावप्रमुखाची, म्हणजे तिच्या त्याच थोरल्या दिराची. एका घावात डोकं उडालं आणि घरंगळत पंज्याशी येऊन थांबलं. तापलेल्या दगडाने रक्त क्षणात पिऊन टाकलं म्हणे. मग शेजारची पोटुशी सून केस धरून फरफटत आणली. ती किंचाळलीसुद्धा नाही. घसाच सुकला होता.

मघाशी ऐकलं असतं तर दीर जिता असता, हे बाओझेनला कळलं. ते ओझं तिने झटकलं नाही. पण पाऊसही सोडला नाही. तिने हातोडा उचलला आणि एका ठोक्यात पाचवं नख उडवलं. शिपाई हसले. मग तिने आपली डावी करंगळी दगडावर ठेवली, छिन्नी टेकवली आणि दुसरा ठोका घातला. तुटलेलं बोट, रक्त वाहत असतानाच, त्या खाचेत घट्ट बसवलं.

हसू थांबलं. सरदाराची तलवार वर गेली. बाओझेनने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून चारच शब्द सुनावले. तलवार खाली आली ती म्यानात. त्या सुनेचे केस सुटले. संध्याकाळी डोहाच्या भेगाळल्या तळातून काहीतरी सळसळत वर गेलं आणि शिपाई घाटातच नखशिखांत भिजले, असे सांगतात.

आजही त्या पंज्याला चारच नखं आहेत आणि एक खाच. दुसऱ्या चांद्र महिन्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रॅगन मान वर काढतो म्हणतात. त्या दिवशी गावच्या बायका कणकेचं बोट लाल रंगवून खाचेत बसवतात आणि तिचेच ते शब्द, हात जोडून नव्हे, कमरेवर हात ठेवून म्हणतात:

“मोज! ड्रॅगनची चारच आहेत. पाचवं माझं आहे, आणि त्यावर तुझ्या बादशहाचा हुकूम चालत नाही.”