पिटुकलीची शेंग आणि सगळ्यांचे लाड

नखाएवढी एक उंदरी होती बरं का. नाव तिचं पिटुकली. ती राहायची इंदूआत्याच्या अंगणात.

अंगणात होती एक जुनी जीप. इंदूआत्या ती घरीच दुरुस्त करत होती. जीपच्या दाराला पडला होता पोचा. पत्रा दबला होता आत.

एकदा काय झालं? पिटुकलीची शेंग घरंगळली. टप टप टप! गेली दाराच्या फटीत. पोच्याने फट केली घट्ट. शेंग बसली अडकून.

एकच तर शेंग होती! पिटुकली रडली. मग डोळे पुसले आणि निघाली.

तुरुतुरु तुरुतुरु, गेली हातोडीकडे.

"हातोडीताई, हातोडीताई! पोचा निघेना, शेंग मिळेना, मी खाऊ काय? तू ठोक ना!"

हातोडीने नाक मुरडलं. "ठोकळ्याचे फार लाड! त्याला मऊ फडक्यात निजवतात. आधी तो पत्र्याला आतून टेकू दे, मग मी."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली लोखंडी ठोकळ्याकडे.

"ठोकळेदादा, ठोकळेदादा! हातोडी ठोकेना, पोचा निघेना, शेंग मिळेना, मी खाऊ काय? तू टेक ना!"

ठोकळा फुगून बसला. "पकडीचे फार लाड! तिला लाल लाल मुठी. आधी ती ओढू दे, मग मी."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली पकडीकडे.

"पक्कडबाई, पक्कडबाई! ठोकळा टेकेना, हातोडी ठोकेना, पोचा निघेना, शेंग मिळेना, मी खाऊ काय? तू ओढ ना!"

पक्कड जळफळली. "कात्रीचे फार लाड! तिला रोज तेल. मला थेंबसुद्धा नाही! आधी ती कापू दे, मग मी."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली पत्र्याच्या कात्रीकडे.

"कात्रीबाई, कात्रीबाई! पक्कड ओढेना, ठोकळा टेकेना, हातोडी ठोकेना, पोचा निघेना, शेंग मिळेना, मी खाऊ काय? तू काप ना!"

कात्रीने तोंड फिरवलं. "जीपचे फार लाड! आत्या दिवसभर तिलाच गोंजारते. आधी ती हलू दे, मग मी."

आता पिटुकलीलाही हेवा वाटला. याला फडकं, तिला तेल. माझे लाड कोण करणार? कुण्णी नाही!

तुरुतुरु तुरुतुरु, गेली जीपकडे.

"जीपआजी, जीपआजी! कात्री कापेना, पक्कड ओढेना, ठोकळा टेकेना, हातोडी ठोकेना, पोचा निघेना, शेंग मिळेना, मी खाऊ काय? तू हल ना!"

जीप हुंदके देऊ लागली. "माझे कसले लाड? त्या सगळ्यांना आत्या हातात घेते. मला कधी घेते का?"

"मग हाक मार ना तिला!"

जीप हलली. खड खड खड! हॉर्न वाजला. पों पों पों!

इंदूआत्या धावत आली. पोचा बघितला आणि कपाळावर हात मारला.

"अगंबाई! काल मी नुसती हातोडी चालवली. पोचा आणखी मोठा झाला की! आज सगळ्यांची पाळी. कात्रीबाई, आधी तुम्ही."

जीप हलली, मग कात्रीने पत्र्याची फाटकी कड कापली. कट् कट् कट्!

कात्रीने कापलं, मग पकडीने पत्रा ओढला. कर्र कर्र कर्र!

पकडीने ओढलं, मग ठोकळा आतून टेकला. धप्!

ठोकळा टेकला, मग हातोडीने बाहेरून ठोकलं. ठण् ठण् ठण्!

पोचा निघाला. फट उघडली. टुपकन शेंग पडली खाली!

इंदूआत्या खाली वाकली. "तुझी होय गं ही? ये, ये." तिने हात पुढे केला. पिटुकली चढली तळहातावर. ऊब ऊब लागली. आत्याने शेंग फोडून दिली. कुटुम कुटुम, पिटुकली खाऊ लागली.

हातोडीने बघितलं. ठोकळ्याने बघितलं. पकडीने बघितलं. कात्रीने बघितलं. जीपने तर दिवे मोठ्ठे करून बघितलं.

आणि सगळे एकदम म्हणाले, "हिचे फार लाड!"

पिटुकलीने नुसतीच शेपटी हलवली. तोंडात दाणा होता ना!