नेमक्या मापाचे घर

त्या राज्यात कुणालाही एकट्याने राहता येत नसे. प्रत्येकाचा एक हात जन्मतःच रिकामा असे आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातात दिल्याखेरीज जिवाला स्वस्थता नसे. अपवाद फक्त अलिप्तांच्या घराण्याचा. त्यांचे हात उपजतच भरलेले. ते कुणाकडे काही मागत नसत, कुणाकडे थांबत नसत.

वेत्रा वेताची घरे विणत असे. आगंतुक नावाचा एक थोराड, संथ अलिप्त तिच्या अंगणावरून जाई. त्याने थांबावे, एवढेच तिच्या मनात होते.

तिने पहिले घर ऐसपैस विणले. आगंतुक आत आला, हिंडला आणि कुठेही न टेकता बाहेर पडला. दुसरे आटोपशीर केले, तर त्याचा खांदाच दारात अडला. मग एकदा वाटेत तो जिथे पहुडला होता तिथल्या ओल्या मातीतल्या ठशावरून तिने त्याचे माप घेतले आणि तिसरे घर असे विणले, की प्रत्येक वेत त्याच्या अंगाला जेमतेम लागावा.

थंडी पडली आणि तो तिथे राहिला. बाहेरून वेतावर तळवा ठेवला की वेत्राला त्याचा भार जाणवे. तेवढ्यावर तिने हिवाळा काढला.

ऊन तापले तसे आतल्या त्याच्या चुळबुळीने वेत थरथरू लागले, खिडक्या सैलावल्या आणि एके दिवशी तो त्यातून निघून गेला. पुढे वाटेत भेटला तेव्हा तिने कारण विचारले.

"घर चांगले होते तुमचे," तो म्हणाला. "पण मी थंडीमुळे थांबलो होतो."

त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. तेच तिला अधिक लागले.

पुढच्या थंडीत तो आपण होऊन त्याच घरात आला. त्याचा डोळा लागल्यावर वेत्राने दार आणि खिडक्या विणून बंद करून टाकल्या. शेवटचे टोक तिने विणीतच असे जिरवले, की ते पुन्हा तिलाही सापडू नये.

उन्हाळा आला. आगंतुकाने सगळ्या बाजू चाचपून पाहिल्या. लोक बघायला येत. शेवटी अलिप्तही कुणापाशी राहिला, असे म्हणून वेत्राचे कौतुक करत. सगळे गेल्यावर तिने विणीशी तोंड नेले.

"राहिलात ना?"

"दार कुठे आहे?" त्याने विचारले.

तिने टोक शोधले; मिळाले नाही. निदान त्याला हात लावावा म्हणून ती बोटे आत घालू लागली, पण त्या विणीतून करंगळीही शिरेना. आत आगंतुक अंग आक्रसून बसला होता, एकाही वेताला न टेकता.