अळणी चकोल्या

"...मग आणखी काय घालता तुम्ही, आत्याबाई? माझं काहीतरी राहतंय."

आत्याबाई मठाच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठात त्या तरुणपणीच आल्या आणि तिथंच म्हाताऱ्या झाल्या. गावातल्या बायका अडलं-नडलं की त्यांच्याकडं येत. ही सुनीती तर त्यांची शिष्याच.

"तुरीचं वरण घ्यायचं. त्यात आमसूल, गूळ, गोडा मसाला. कणकेची पोळी लाटायची, तुकडे कापायचे, उकळत्या वरणात सोडायचे. वरून तूप. चकोल्यांत आणखी काय असतं गं?"

"तेच सगळं मीही घालते."

"मग झाल्या की चकोल्या."

"मामंजी खात नाहीत ना!"

सुनीतीच्या सासऱ्यांचा ताप उतरला होता, पण अन्न जात नव्हतं. एकदाच म्हणाले होते, मठातल्या उत्सवात मिळतात तशा चकोल्या खाव्याशा वाटतात. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिच्या घरी चकोल्याच शिजत. सासरे दोन तुकडे गिळत आणि ताटली बाजूला सारत.

"डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. या वयात, इतका अशक्तपणा... परत येतील का हो ते?"

आत्याबाईंनी सुपातला एक खडा काढून टाकला.

"तुझा नवरा काय म्हणतो?"

"हे जेवतात. लोणचं मात्र फार लागतं आताशा."

"आणि तू?"

सुनीती जरा ताठ बसली.

"मी अळणी व्रत धरलंय. मामंजी पोटभर जेवेपर्यंत मिठाचा कण तोंडात घेणार नाही."

"त्यांना ठाऊक आहे?"

"अख्ख्या आळीला ठाऊक आहे."

आत्याबाईंना हसू आलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"चल. आज तुझ्याकडं जेवते."

सुनीतीनं सोवळं नेसून स्वयंपाकाला हात घातला. आत्याबाई भिंतीला टेकून बघत बसल्या. पलीकडं माजघरात सासरे भिंतीकडं तोंड करून पडले होते.

तिनं कणीक मळली. थोडं वरण बाजूला ठेवून बाकीच्याला उकळी आणली. तुकडे सोडले. शिजल्यावर एका वाटीत आपल्यापुरतं काढून झाकून ठेवलं. मग मिठाचा डबा उघडला, पातेल्यात मीठ टाकलं आणि दोनदा डाव फिरवला.

"मीठ आत्ता?"

"माझं अळणी आधी काढावं लागतं ना."

"कणकेत?"

"कणकेतही नाही. एकाच कणकेत सगळ्यांचं होतं."

"बरं... चाखून बघ."

सुनीती दचकली. "काहीतरीच काय, आत्याबाई! नैवेद्य व्हायचाय अजून. लग्न होऊन या घरात आल्यापासून नैवेद्याआधी मी कधी चाखलं नाही. आणि आता तर व्रतच आहे."

आत्याबाई उठल्या. पातेल्यातला एक तुकडा त्यांनी डावावर घेतला, फुंकर घालून निववला, बोटांनी उचलला आणि तिच्या ओठांपाशी धरला.

"आ कर."

"आत्याबाई, व्रत मोडेल माझं!"

"आ कर म्हणते ना."

"मामंजींच्या जिवासाठी धरलंय हो..."

"म्हणूनच."

सुनीतीचे डोळे भरून आले. तिनं देवाकडं पाहिलं, माजघराकडं पाहिलं. मग डोळे मिटून तोंड उघडलं.

ती चावत राहिली. बराच वेळ. गिळणं जड जात होतं.

"अगंबाई..." ती पुटपुटली. "रस्सा तेवढा खारट. आत नुसती पिठाची लगदी. हे... हे रोज देत होते मी त्यांना?"



सुनीती तशीच माजघराच्या दारात गेली.

"मामंजी, एवढं बेचव लागत होतं, तर एका शब्दानं बोलला का नाहीत?"

म्हाताऱ्यानं कूस बदलली.

"तू माझ्यासाठी मीठ सोडलंस, सूनबाई. तुझ्यापाशी मीठ कुठल्या तोंडानं मागू?"



सुनीती पदर खोचून स्वयंपाकघरात परत आली. नवीन कणीक घेतली. या वेळी मीठ घालून मळली. बाजूला ठेवलेल्या वरणात मीठ आधी टाकलं, उकळू दिलं, मगच तुकडे सोडले. मध्येच थांबून डावातलं थेंबभर तळहातावर घेतलं आणि जिभेला लावलं. आता तिला कुणी सांगितलं नव्हतं. चिमूटभर मीठ आणखी पडलं.

वाफाळती ताटली आत्याबाईंनी स्वतः नेली. उशी सारखी करून म्हाताऱ्याला टेकून बसवलं.

पहिला घास गेला. दुसरा गेला.

"सूनबाई."

"काय हो, मामंजी?"

"गूळ जास्त झालाय."

सुनीतीनं ताटलीत डोकावून पाहिलं.

"आणि तूप काय असं दाखवण्यापुरतं घालतात? मठात बघ, कशी धार धरतात. मिरची आहे का घरात एखादी?"

"डॉक्टरांनी तिखट नको म्हटलंय!"

"डॉक्टर जेवतोय की मी?"

सुनीतीला हसू फुटलं आणि हसता हसताच रडू आलं. तुपाची वाटी घेऊन ती धावली. म्हाताऱ्यानं ताटली बोटानं पुसून घेतली आणि पुन्हा पुढं केली. तिनं वाढलं.

आत्याबाई पाटावर बसल्या. सुनीतीनं त्यांचं पान घेतलं, आपलंही घेतलं. आणि मग एकदम कपाळावर हात मारला.

"आत्याबाई! नैवेद्य राहिला की हो! पातेलं तर सगळं उष्टं झालं. आता देवापुढं काय ठेवू?"

"हेच नेऊन ठेव," आत्याबाई म्हणाल्या. "बिचारा... इतके दिवस तोही काही बोलला नाही."