टिकलूचा छर्रा

एक होता उंदीर. त्याचं नाव टिकलू.
टिकलूने एक जुनी सायकल जोडली. हँडल एका सायकलचं, सीट दुसरीचं. ठोक ठोक ठोक. पीळ पीळ पीळ.
आई म्हणाली, "संध्याकाळी भंगारवाला येईल. तोवर टेकडी चढली, तर सायकल तुझी. नाही चढली, तर त्याची."
आता फक्त चाकात छर्रे बसवायचे होते. छर्रे म्हणजे लोखंडाच्या चकचकीत गोळ्या. त्या बसल्या की चाक फिरतं.
टिकलूने छर्रे बसवले. पण शेवटचा निसटला.
टणण टणण, गडगड गडगड. गेला थेट कोंबडीच्या पोटाखाली.

"कोंबडीबाई, कोंबडीबाई, माझा छर्रा दे."
कोंबडी म्हणाली, "गोल आहे, म्हणजे अंडंच. मी उबवतेय. दाणे मिळाले तर उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु, टिकलू गेला ज्वारीकडे.
"ज्वारीताई, ज्वारीताई, दाणे दे.
दाणे कोंबडीला,
कोंबडी देईल छर्रा,
छर्रा चाकाला,
चाक फिरेल गरगर,
सायकल टेकडीवर."
ज्वारी म्हणाली, "मला लागली तहान. पाणी मिळालं तर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु, टिकलू गेला विहिरीकडे.
"विहीरबाई, विहीरबाई, पाणी दे.
पाणी ज्वारीला,
ज्वारी देईल दाणे,
दाणे कोंबडीला,
कोंबडी देईल छर्रा,
छर्रा चाकाला,
चाक फिरेल गरगर,
सायकल टेकडीवर."
विहीर म्हणाली, "माझं पाणी खोल खोल. रहाट फिरला तर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु, टिकलू गेला रहाटाकडे.
"रहाटदादा, रहाटदादा, जरा फिर.
विहीर देईल पाणी,
पाणी ज्वारीला,
ज्वारी देईल दाणे,
दाणे कोंबडीला,
कोंबडी देईल छर्रा,
छर्रा चाकाला,
चाक फिरेल गरगर,
सायकल टेकडीवर."
रहाट म्हणाला, "कुर्र कुर्र. अंग आखडलंय रे. तेल मिळालं तर फिरेन."

तुरुतुरु तुरुतुरु, टिकलू गेला तेलाच्या बुधलीकडे.
"बुधलीमावशी, बुधलीमावशी, तेल दे.
तेल रहाटाला,
रहाट फिरेल कुर्र कुर्र,
विहीर देईल पाणी,
पाणी ज्वारीला,
ज्वारी देईल दाणे,
दाणे कोंबडीला,
कोंबडी देईल छर्रा,
छर्रा चाकाला,
चाक फिरेल गरगर,
सायकल टेकडीवर."
बुधली म्हणाली, "माझ्या चोचीत अडकलाय कचरा. कुणाचं बोट आत जात नाही. कचरा निघाला तर देईन."

लांबून हाक आली. "डराँव डराँव, भंगाऽर." भंगारवाला बेडूक निघाला होता.
टिकलूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आता कुणाकडे जायचं? कुणीच नव्हतं.
मग त्याने मागे पाहिलं. मागे होती त्याची शेपटी. बारीक, लांब, दोऱ्यासारखी.
टिकलूने शेपटी घातली चोचीत. वळवळ वळवळ.
फट्‌. कचरा बाहेर.

बुधलीने दिलं तेल,
तेल रहाटाला,
रहाट फिरला सुर्र सुर्र,
विहिरीने दिलं पाणी,
पाणी ज्वारीला,
ज्वारीने दिले दाणे,
दाणे कोंबडीला,
कोंबडी उठली, पंख झटकले,
कोंबडीने दिला छर्रा. छान उबदार झाला होता.
छर्रा चाकाला,
चाक फिरलं गरगर गरगर.

टिकलू बसला सायकलवर. हाश्श हुश्श, चढ चढला. थोडा थांबला. परत हाश्श हुश्श.
पोचला. अगदी वर.

खाली दारात बेडूक उभा. ती मोडकी सायकल कुठे, म्हणून विचारू लागला.
आईने टेकडीकडे बोट दाखवलं.
भर्रर्रर्रर्र. टिकलू उतारावरून आला. कान मागे, शेपटी वर.
आई म्हणाली, "आज भंगार नाही हो, बेडूकभाऊ."
तिने पदर खोचला. आणि टिकलूच्या मागे डबलसीट बसली.

सायकल गेली लांब लांब,
गोष्ट म्हणाली, इथेच थांब.