गुलाबमास्तरांची खाच

“मग चूक कुठे झाली, सर?”

डॉ. आठल्ये चष्मा पुसत राहिले.

ऋजुता त्यांच्या फलटणच्या दवाखान्यात दोन वर्षं हाताखाली शिकत होती. झिजलेले पुढचे दात दातांच्याच रंगाचा कंपोझिटचा लेप चढवून पुन्हा उभे करण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. हे तिलाही ठाऊक होतं. जरा जास्तच.

“रंग जुळला. चावा जुळला. सांधा तर माझा मलाच सापडत नाही.”

“दिसतंय की.”

खुर्चीत गुलाबमास्तर बसले होते. वय एकाहत्तर. नातीच्या लग्नाच्या फोटोत बरे दिसावेत म्हणून मुलीने त्यांना महिन्यापूर्वी आणून बसवलं होतं. लग्न परवा झालं. आज ते पेढे घेऊन आले होते, तक्रार घेऊन नव्हे. सरांनीच सहज विचारलं, “वरातीत क्लॅरिनेट वाजवलंत ना?” तेव्हा कुठे कळलं.

“न्हाई जमलं,” मास्तर म्हणाले होते. “पन्नास वर्षं वाजवलं, पर आता तोंडात धरलं की नुसतं किंचाळतंय.”

आता सर उठले. कपाटातून मास्तरांच्या दातांचा प्लास्टरचा साचा काढला, काम सुरू करण्याआधी घेतलेला. असे साचे ते वर्षानुवर्षं जपत. ऋजुता त्या कपाटाला म्युझियम म्हणायची.

त्यांनी पेनाचं टोक साच्याच्या वरच्या दोन दातांखाली टेकवलं. झिजून पडलेल्या खाचेत ते अलगद बसलं. हललं नाही.

“पन्नास वर्षं क्लॅरिनेट...” ती पुटपुटली. मग एकदम म्हणाली, “काढते मी हा लेप, मास्तर! अर्ध्या तासाचं काम.”

“आणि खाच?” सरांनी विचारलं.

“...तिच्या कडाच घासून टाकल्या होत्या मी. लेप पक्का धरावा म्हणून.”



मास्तरांनाच अवघडल्यासारखं झालं. “राहू द्या हो, ताई. वाद्य बँडवाल्यांना देऊन टाकलं कालच. अन् दात काय झ्याक झाल्यात! नात म्हणती, आजा, नवरदेवापरीस तूच उठून दिसतूस.”

“मग वरातीत काय केलंत?” सरांनी विचारलं.

“हसलो की. दुसरं काय...”

ते गेले. पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच राहिला.

ऋजुताने त्यांचा केसपेपर काढला. सरांच्या केसपेपरवर नावाखाली ‘धंदा’ असा एक रकाना असे. दात बघायचे, धंदा कशाला विचारायचा, असं ती नेहमी म्हणे. मास्तरांचं वय बघून तिने तिथे न विचारताच एक रेघ ओढली होती.

तिने पेन उचललं. कागदाला टेकणार, तोच सरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

“राहू दे... आता ती रेघच बरोबर आहे.”