ओलीची भाऊबीज

या, आत सरका. पाय पोटाशी घ्या. गोधडी दमट लागतेय ना? लागणारच. तुमच्या आत्याचा शहाणपणा तो. यंदा थंडीला घरात शिरूच द्यायचं नाही म्हणून मी खिडक्यांच्या फटीत जुन्या ओढण्या कोंबत बसले होते. माझं मलाच कौतुक. आज बघते तर भिंतीला घाम फुटलेला आणि कपाटातल्या साड्यांना बुरशी. येसूनं जी चूक केली तीच मी केली, तीही गोष्ट पाठ असताना. येसू कोण? सांगते. मधून मधून हुं म्हणा, म्हणजे कोण झोपलं ते कळेल मला.

तर एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याला एक खोपटं होतं. भिंतींना कारवीच्या काड्यांचा कूड, वर गवताचं छप्पर, मधे चूल. चुलीच्या वर धूर जायला एक भोक. त्या घरात येसू राहायची आणि तिची म्हातारी सासू. येसूचा नवरा मेंढरं घेऊन दूर देशावर गेलेला. चांगलं घोंगडं त्याच्या खांद्यावर. घरात उरली एक जाड गोधडी, ती सासूच्या अंगावर.

सासरा नव्हता. आदल्या वर्षापर्यंत होता, बरं का. भाऊबीजेच्या सकाळी येसू त्याला पेज द्यायला गेली, तर म्हातारा गार. कण्हला नाही, कुणाला हाक मारली नाही. नुसता गार. गावातले लोक म्हणाले, गारठा शिरला घरात. घेऊन गेला.

आता सासूही खोकायला लागली होती. येसूला आई नव्हती, बाप नव्हता. एवढी एक म्हातारी, दिवसभर टोचून बोलणारी, पण आपली. येसूनं ठरवलं, यंदा गारठ्याला आत येऊ द्यायचं नाही. पण करणार काय? लाकूड विकत आणायला जवळ काही नाही. मग तिनं फुकटात मिळेल ते गोळा केलं.

आधी तिनं शेण, माती, भुसा कालवला आणि कूड लिंपून काढला. पावसाचं पाणी पिऊन कूड अजून ओला होता. त्यावरच हिनं गिलावा चढवला. गारठा आला, कुडाला कान लावून फिरला, निघून गेला.

मग तिनं छपराच्या कडेला पेंढा ठासला. बोट जाईल एवढी फट ठेवली नाही. गारठा आला, छपरावर बसला, निघून गेला.

मग राहिलं ते चुलीवरचं भोक. येसू जात्यावर चढली आणि तिथं चिंध्यांचा बोळा कोंबला. खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आता ये म्हणावं.

गारठा आला नाही. पण घरात काही ऊब येईना. धूर आतच कोंडला, येसूचे डोळे चुरचुरायला लागले. मिठाला पाणी सुटलं. भाकरीवर बुरशी धरली. गोधडी अशी जड झाली की म्हातारीला कूस बदलता येईना. आणि तिचा खोकला, तो तर पार बेंबीपासून यायला लागला.

मग वसुबारसेच्या संध्याकाळी येसू दाणे काढायला कणगीमागं गेली. बघते तर कोपऱ्यात एक बाई बसलेली. राखाडी अंग, केस निथळतायत, पदरातून पाणी ठिबकतंय.

"कोण गं तू?" येसू म्हणाली.

"मी ओल," ती बाई म्हणाली. "आषाढातच आले. तू कामात होतीस."

"मग आता जा की."

"कुठून जाऊ? वाट तूच लिंपलीस." तिनं पदर पिळला. "आणि आता कशाला जाऊ? भाऊबीज आली. माझा भाऊ येईल."

येसूनं विचारलं, "भाऊ कोण तुझा?"

"गारठा."

बघा हं. हिनं सगळं घर लिंपलं भावाला अडवायला, आणि बहीण आतच.

ओल म्हणाली, "बहीण असेल तिथं तो येतोच. भाऊबीजेला भावाला कुणी दारात अडवतं का? गेल्या वर्षीही आला होता. ओवाळणी घालायला त्याच्याकडं स्वतःचं काही नसतं गं. ज्या घरात मी बसते, त्या घरातलीच ऊब उचलतो. सगळ्यात थकलेल्या माणसाची. तुझ्या सासऱ्याची ऊब त्यानंच माझ्या ताटात घातली."

येसूनं विचारलं, "पुरली का तुला?"

"नाही," ओल म्हणाली. "लगेच विझली."

येसूचा हात केरसुणीकडं गेला होता. पण ओलीचं तोंड बघून तो मागं आला. सणासुदीला घरात बसलेल्या बाईला केरसुणी दाखवून कसं घालवायचं? तिची पाठवणी करायला हवी, रीतीनं.

मग येसूनं चिंध्यांचा बोळा उपसला. पेंढा ओढून काढला. दिवस उगवला की दोन्ही दारं उघडी टाकायची, सासूला अंगणात उन्हाला बसवायचं, कणगीतले दाणे पसरायचे. लोकांच्या दारात पणत्या, हिच्या दारात फाटक्या चिंध्या आणि खोकणारी म्हातारी. येणारेजाणारे म्हणायचे, थंडी तोंडावर आणि ही घर उघडं टाकतेय. म्हातारीचा जीव घेणार ही. येसूलाही तेच वाटायचं, बरं का. रात्री ती म्हातारीला घट्ट कवटाळून पडायची आणि श्वास चालू आहे का बघायची.

पण कूड वाळायला लागला. कोपरा वाळायला लागला. तशी ओल बारीक बारीक होत गेली.

मग पाडव्याच्या तिन्हीसांजेला येसूनं तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. तांदूळ कुठले? ओटीत भरला सुका कोंडा, चुलीतली गरम राख आणि वाळलेली गवरी. ओलीच्या ओटीत आजवर कुणी कोरडं काही घातलं नव्हतं. ती खाली बघत राहिली.

येसू म्हणाली, "ओढा तुझं माहेर ना? तिथं बस. भावाला तिथंच ओवाळ."

ओल उठली. उंबऱ्यावर थांबली, मागं न बघता गेली.

आणि भाऊबीजेच्या पहाटे गारठा आला. चुलीवरच्या भोकातून सरळ आत. आधी कणगीमागं गेला. कोपरा कोरडा, बहीण नाही. मग वळला आणि म्हातारीच्या उशाशी वाकला.

येसू मधे जाऊन उभी राहिली. "दादा, तुमची बहीण ओढ्यावर ताट घेऊन बसलीय. उशीर नका करू. वाट बघून कंटाळेल."

गारठा थांबला. त्यानं आपल्या रिकाम्या हातांकडं बघितलं. म्हणाला, "मग तिला देऊ काय?"

"काही नाही दिलं तरी चालेल," येसू म्हणाली. "जाऊन बसा तिच्याजवळ."

मग तो गेला. हिवाळ्यात सकाळी ओढ्यावर पांढरं धुकं असतं ना, तिथं ती दोघं बसलेली असतात. बोलत नाहीत. एकमेकांना देण्यासारखं दोघांकडंही काही नाही.

मग येसूनं वाळलेला कूड पुन्हा लिंपला, फटीत सुका पेंढा भरला, पण चुलीवरचं भोक मोकळं ठेवलं. रोज दुपारी गोधड्या उन्हात. घराला ऊब आली. म्हातारी उठून बसली आणि पहिलं काय म्हणाली, तर पेज पातळ झालीय. ती तो हिवाळा जगली, पुढचे काही हिवाळेही जगली. सासरा मात्र परत आला नाही. उन्हाळ्याआधी येसूचा नवरा आला, आणि मग तिघं कोरड्या घरात सुखानं राहिली.

संपली गोष्ट. मिटा डोळे. निमू, हुं नाही म्हणालीस मघापासून. झोपलीस की घाबरलीस त्या भावाला?

"नाही घाबरले, आत्या," निमू डोळे मिटूनच म्हणाली. "बाबासुद्धा तुझी ओवाळणी आईच्या पर्समधूनच काढतात."