सहा मजलांची शर्यत आणि पाणीवाली गिरजा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्यात तेव्हा मोटारी नव्हत्या, आगगाडी नव्हती, भिंतीवरची घड्याळंसुद्धा नव्हती. पण सायकली मात्र होत्या. असं कसं, ते विचारू नका. होत्या, एवढं खरं.

दर तीन वर्षांनी राजा सायकलींची मोठी शर्यत भरवायचा. सहा दिवसांची, सहा मजलांची. कधी माळावरून, कधी नदीकाठाने, कधी डोंगरातून. एकेका गावाचा पाच जणांचा संघ असे. सहा दिवसांचा वेळ मिळून ज्याचा सगळ्यांत कमी भरेल, त्याला राजा स्वतःच्या हाताने फेटा बांधायचा. फेटा एकाच्याच डोक्यावर चढे, पण जिंकायचं सगळं गाव. कारण त्या गावाने मागितलेली एक गोष्ट राजा पुरी करून द्यायचा.

करंजखोरे नावाचं एक गाव होतं, नदीपलीकडे डोंगराच्या कुशीत. त्यांना एकच गोष्ट हवी होती : पूल. पावसाळ्याचे चार महिने नदीला पूर असे आणि नाव बंद असे. कुणी आजारी पडलं तर वैद्य अलीकडे आणि रोगी पलीकडे. तीन शर्यती करंजखोऱ्याने पुलासाठी लढवल्या होत्या आणि तिन्ही हरल्या होत्या.

या खेपेला मात्र गावाला आशा होती, कारण रायाजी तयार झाला होता. चोवीस वर्षांचा उमदा गडी. घाट चढायला लागला की मागच्याला त्याची पाठसुद्धा दिसायची नाही. संघाचा म्होरक्या तोच. बरोबर सोमा आणि भिकू हे दोघे धिप्पाड भाऊ, जे माळावर पुढे राहून वारा अंगावर घेत. चौथे तात्या. त्यांनी तरुणपणी पाच शर्यती केल्या होत्या. आता पायांपेक्षा डोकं जास्त चालायचं.

पाचव्या गड्याचा शर्यतीच्या चार दिवस आधी पाय मुरगळला. आता ऐनवेळी कुणाला घ्यायचं? गावात रोज सायकल चालवणारं आणखी एकच माणूस होतं, आणि ती होती गिरजा.

गिरजा दूध विकायची. रोज पहाटे दोन भरलेल्या किटल्या हँडलला लावून ती डोंगर उतरायची, बाजाराच्या गावी दूध घालायची, आणि येताना त्याच किटल्यांत पेंड भरून डोंगर चढून यायची. बारा वर्षं हेच चाललं होतं. पावसाळ्यात नाव बंद पडली की तिचं दूध घरीच नासायचं. त्यामुळे पूल काय असतो, ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तात्यांनी विचारलं तेव्हा तिने दोनच प्रश्न विचारले : म्हशींचं कोण बघेल, आणि निघायचं कधी?

काही जणांनी कुरकुर केली, की बाईमाणूस शर्यतीत कसं? तात्यांनी राजाचा नियमांचा कागद वाचून दाखवला. बाईने येऊ नये असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तसं कुणाला सुचलंच नव्हतं, त्यामुळे लिहायचं राहून गेलं होतं.

तात्यांनी तिला काम दिलं पाण्याचं. वाटेतल्या विहिरींवर थांबायचं, वाळलेल्या भोपळ्यांचे तुंबे भरायचे, आणि पुढे गेलेल्या आपल्या माणसांना गाठून ते पोहोचवायचे. बघ्यांकडून पाणी घ्यायला बंदी होती. संघातल्यानेच ते आणायचं, असा नियम होता.

पहिल्याच दिवशी तिला बघून राजधानीच्या संघाचे गडी हसले. आमच्या संघात घोडे आहेत, करंजखोऱ्याने पखालीचा रेडा आणलाय, असं त्यांच्यातला एक म्हणाला. गिरजाही हसली. रेड्याची ताकद तिला चांगली ठाऊक होती. तिच्या गोठ्यात एक होता.

मग तिचं काम सुरू झालं. विहीर आली की सगळे पुढे निघून जायचे आणि ती मागे राहायची. आठ तुंबे भरून सायकलीला लटकवायची, मग जीव खाऊन त्यांना गाठायची. आधी सगळ्यांत मागे असेल त्याला पाणी, मग त्याच्या पुढच्याला, आणि शेवटी रायाजीला. तोवर दुसरी विहीर यायची. शेवटच्या विहिरीनंतर मात्र तिला काही काम नसे. मग ती पुढच्या घोळक्यातच राहून मजल संपवायची. सगळ्यांचं लक्ष रायाजीकडे असायचं. ती कधी पोहोचली, हे तिने विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

दोन-तीन दिवसांत तिला एकेकाची तहान ओळखता येऊ लागली. सोमा एका दमात तुंबा रिकामा करायचा. भिकू अर्धा पिऊन अर्धा राखून ठेवायचा आणि मग तो सांडायचा. तात्या मोजून तीन घोट घ्यायचे. रायाजी एखाद-दुसरा घोट घेऊन बाकीचं पाणी डोक्यावर ओतायचा आणि तुंबा मागे न बघता फेकून द्यायचा. तिला तो "पाणीवाली" म्हणायचा. नाव त्याला माहीत होतं. घ्यायची गरज वाटत नव्हती.

गिरजाला राग यायचा का? थोडा यायचा. पण चार मजला झाल्या तेव्हा रायाजी सगळ्या राज्यात पहिला होता. राजधानीच्या म्होरक्यापेक्षा पाच पळं पुढे. (एक पळ म्हणजे शांतपणे घेतलेल्या सहा श्वासांचा वेळ.) तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे पूल उभा राहिला, आणि राग कुठल्या कुठे गेला.

पाचव्या दिवशी मोठा घाट होता. आदल्या दिवशी माळावर ऊन असं तापलं होतं की पाखरांनीही घरटी सोडली नव्हती, आणि आजही तेच. घाटाच्या पायथ्याशी गिरजाने रायाजीला तुंबा दिला. तो म्हणाला, नको. तिने पहिल्या वळणावर पुन्हा दिला. पुन्हा नको. उलट तो हसला, बाजूच्या गड्यांशी गप्पा मारू लागला. एरवी तो घाटात कुणाशी बोलायचा नाही.

गिरजाने त्याच्याकडे नीट पाहिलं. सगळ्यांच्या अंगावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. याचे दंड कोरडे होते आणि त्यांवर मिठाचे पांढरे ओघळ वाळलेले होते.

म्हैस आजारी पडते तेव्हा काय करते, हे तिने बारा वर्षं पाहिलं होतं. वैरण खाते, शेपूट हलवते, सगळं ठीक आहे असंच दाखवते. पण पाण्याकडे पाठ फिरवते. पाण्यावरून कळतं.

ती त्याच्या बाजूला गेली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "रायाजी, दमलेला माणूस पाणी मागतो. संपत आलेला मागत नाही. पी, आणि थोडं सबुरीने घे."

रायाजीचा चेहरा लाल झाला. चार दिवस सगळं राज्य त्याला डोक्यावर घेत होतं, आणि ही दूध विकणारी त्याला शिकवत होती.

"तुझं काम पाणी वाहायचं," तो म्हणाला. "घाट कसा चढायचा ते मला कळतं."

आणि ते सिद्ध करायलाच की काय, त्याने पायडलवर उभं राहून जोर मारला आणि एकटाच पुढे निघून गेला. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. राजधानीचा म्होरक्याही चवताळला आणि आपल्या चारही गड्यांना मागे टाकून त्याच्या पाठी सुटला.

चौथ्या वळणावर गिरजाला रायाजी दिसला. तो रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभा होता आणि सायकलीचं तोंड उताराच्या बाजूला होतं. कुठल्या दिशेला जायचं, हेच त्याला आठवत नव्हतं.

गिरजा उतरली. त्याला करंजाच्या सावलीत बसवलं. पाण्यात गूळ आणि मीठ कालवून एकेक घोट पाजू लागली. बाजूने एकामागून एक सायकली जात होत्या. राजधानीचा म्होरक्या तर केव्हाच वर गेला होता.

"पूल गेला," रायाजी पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्यामुळे गेला."

"पुलाचं नंतर बघू," गिरजा म्हणाली. "आधी हा घोट घे."

तेवढ्यात तात्या धापा टाकत पोहोचले. त्यांनी रायाजीची नाडी पाहिली, कपाळाला हात लावला, आणि मग गिरजाकडे वळले.

"याच्यापाशी मी बसतो. तू जा."

"कुठे?"

"वर. दुसरीकडे कुठे जातो हा रस्ता?"

"पण पाणी कोण नेणार?"

"कुणाला न्यायचंय आता? आम्ही दोघं इथे आहोत, दोघं भाऊ मागून भरलेले तुंबे घेऊन येतायत. तुझे तुंबे उतरव आणि जा."

गिरजाने तुंबे उतरवले. सायकलीवर बसली आणि पहिल्यांदा तोलच गेला. हँडल भलतीकडे वळलं. बारा वर्षांत डोंगर चढताना तिच्या सायकलीला ओझं नाही, असं कधी झालंच नव्हतं. दोन-चार पायडलं मारली आणि तिला वाटलं, सायकलची साखळी निसटली की काय? इतकं हलकं! साखळी जागेवर होती. मग तिला हसू फुटलं. ती हसतच चढू लागली. एक वळण, दुसरं वळण. पुढे गेलेले एकेक गडी तिच्या मागे पडू लागले. ज्याने तिला रेडा म्हटलं होतं त्यालाही तिने ओलांडलं. तो मान खाली घालून धापा टाकत होता.

माथ्यावर ती तिसरी पोहोचली.

संध्याकाळी राजाच्या कारकुनाने यादी वाचली. पहिला, राजधानीचा म्होरक्या. कारकुनाने पुढचं नाव वाचलं, थांबला, डोळे चोळले, पुन्हा वाचलं. दुसरी, करंजखोऱ्याची गिरजा. चार पळं मागे.

लोकांना वाटलं, लिहिताना चूक झाली. पण चूक नव्हती. रोज सगळ्यांच्या मागे राहूनही रोज ती पुढच्यांच्या घोळक्यातच पोहोचत होती. कुणी पाहिलंच नव्हतं, एवढंच.

करंजखोऱ्याच्या तंबूत सगळे जमले. उद्या शेवटची मजल. आता सगळ्यांनी गिरजासाठी चालवायचं, हे न बोलता ठरलं. पण मग पाणी कोण वाहणार? सोमा-भिकू वाऱ्याला हवेत. तात्यांच्या पायांना ते झेपणारं नव्हतं.

रायाजी पेज पिऊन भिंतीला टेकावं तसा सायकलीला टेकून बसला होता. तो उठला, कोपऱ्यातले तुंबे गोळा केले आणि ते सायकलीला बांधायला लागला. गाठी सैल बसत होत्या.

"गिरजाताई," तो म्हणाला, "ही गाठ कशी मारतेस, तेवढं दाखव."

गिरजाने दाखवलं. आणखीही एक गोष्ट सांगितली : पाणी नेताना पहिल्यांदा मला नको, जो सगळ्यांत मागे असेल त्याला द्यायचं. रायाजीने विचारलं, का? ती म्हणाली, तो मागे राहिला की आपण चौघंच उरतो, म्हणून.

सहावी मजल काळ्या मातीच्या सपाट मुलखातली होती, आणि वारा समोरून होता. सकाळभर रायाजी विहिरी आणि माणसं यांच्यामध्ये मागेपुढे करत राहिला. पहिल्या विहिरीवर त्याचं निम्मं पाणी सांडलं. दुसऱ्या विहिरीवर तो पडला आणि चिखलाने माखला. बघे हसले. त्याला वाटलं होतं, लाज वाटेल; पण लाज वाटायलासुद्धा सवड नव्हती. मागे भिकू तहानेला होता.

दुपारी वारा वाढला तेव्हा करंजखोऱ्याचे पाचही जण एकत्र होते. सोमा पुढे, मग भिकू, मग तात्या, मग चिखलाने माखलेला रायाजी, असे पाळीपाळीने वाऱ्याला तोंड देत होते आणि गिरजा त्यांच्या आडोशाला होती. तात्यांना कुणीतरी म्हणालं, तुम्ही आता मागे राहा, तुमचं वय झालं.

"ते मला माहीत आहे," तात्या म्हणाले. "वाऱ्याला कुठे माहीत आहे?"

राजधानीचा म्होरक्या त्यांच्या पुढे होता, पण एकटा होता. काल घाटात त्याने ज्यांना टाकून दिलं होतं, ते आज मागे पडले होते. त्यांना पाणी द्यायला कुणी थांबलं नव्हतं. वारा एकट्याच्या छातीवर बसत होता. शेवटची वेस लांबवर दिसू लागली तेव्हा करंजखोऱ्याने त्याला गाठलं. एकेक करून तात्या मागे राहिले, भिकू राहिला, सोमा राहिला. शेवटी रायाजीने उरलीसुरली ताकद एकवटून गिरजाला वाऱ्यातून पुढे काढलं आणि बाजूला झाला.

"जा आता, ताई."

ती गेली. राजधानीचा म्होरक्या वेशीत आला तेव्हा तिला पोहोचून पाच पळं झाली होती.

घटिकापात्र पाहून कारकुनाने तीनदा हिशेब केला. गिरजा एका पळाने जिंकली होती. सहा श्वासांनी.

राजा फेटा घेऊन आला आणि त्याने विचारलं, काय हवं? गिरजाने पूल मागितला. राजा म्हणाला, तो तर गावाचा झाला, तुला स्वतःला काही हवं असेल तर सांग. गिरजाने थोडा विचार केला आणि ती म्हणाली की माझी माणसं अजून वेशीबाहेर आहेत, तेव्हा फेटा जरा थांबून बांधा. राजा थांबला. तात्या सगळ्यांत शेवटी पोहोचले, सायकलीवरून उतरले, आणि मगच फेटा बांधला गेला.

पुढच्या पावसाळ्याआधी नदीवर पूल झाला. गिरजाचं दूध नासायचं थांबलं, वैद्य पलीकडे जाऊ लागले. राजधानीच्या म्होरक्याला पुढच्या शर्यतीला संघ जमवताना मात्र फार त्रास झाला. त्याच्या पाठी चालवायला कुणी तयार होईना.

आणि करंजखोऱ्यात तेव्हापासून एक रीत पडली. ज्याला संघाचा म्होरक्या व्हायचं असेल, त्याने आधी एक शर्यत पाणी वाहायचं. ही रीत कुणी घातली, माहीत आहे? रायाजीने.

म्हणून लहानांनी आणि थोरांनीही ध्यानात ठेवावं : ज्याला सोबत्यांची तहान कळते, त्यानेच त्यांच्या पुढे चालावं.